खोली क्रमांक तीनमधील वीरकथा

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे विद्यालयाचे पत्र आम्हांस मिळाले तेव्हा काय लिहावे हे लवकर सुचेना. विद्यालयाची वाटचाल, गुरुजनांचे ऋण, शिस्तीचे महत्त्व या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळी लिहितील. आम्ही खोली क्रमांक तीनमध्ये राहिलेली मुले. आम्हां सहाजणांनी मिळून हा लेख लिहिला आहे आणि ज्याच्याविषयी तो आहे त्या सातव्या मित्राने तो वाचून संमती दिली आहे. विषय पाहून काही वडीलधाऱ्यांना नवल वाटेल. तो एका व्हिडिओ गेमविषयी आहे. परंतु आमच्या वसतिगृहाच्या वर्षांत मैत्री आणि आत्मबल हे दोन शब्द आम्हांला जसे कळले ते त्या खेळाच्या आधाराने कळले; म्हणून तोच सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

वसतिगृहात मोबाईल ठेवण्यास बंदी होती आणि ती योग्यच होती. त्यामुळे हा खेळ आम्ही खेळलो नाही, ऐकला. आमच्यातील एकाने मे महिन्याच्या सुटीत खोपोलीला मामाच्या घरी, मामेभावाच्या संगणकावर तो पूर्ण खेळून काढला होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली. कर्जत-खालापूरकडचा पाऊस एकदा धरला की खेळाचे मैदान, ओढा, टेकडी सारे बंद होते. सायंवंदना, जेवण, अभ्यास आटोपून दिवे मालवले की पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजात तो हलक्या आवाजात गोष्ट सांगू लागे. रोज थोडी. खेळातील संवाद इंग्रजीत होते. त्याने ते शब्दकोश जवळ घेऊन वाचले होते आणि आम्हांला आपल्या खालापुरी मराठीत ऐकवीत होता. आम्ही त्याला 'कथेकरी' म्हणू लागलो. या लेखातही त्याचे तेच नाव राहील.

खेळाचे नाव 'फायनल फँटसी'. ही एक जपानी मालिका आहे. स्क्वेअर या कंपनीत हिरोनोबु साकागुची यांनी तिचा पहिला भाग 1987 साली घडविला. पुढे क्रमांकाने अनेक भाग आले. बहुतेक भागांची कथा, जग आणि पात्रे स्वतंत्र असतात. त्यांत बहुधा समान असते ते हे, की नायक एकटा नसतो. पहिल्या भागात चार योद्धे होते आणि त्यांना ठरलेली नावेही नव्हती. खेळणाऱ्याने ती द्यायची. कथेकऱ्याने खेळलेला भाग नववा होता. तो मूळचा 2000 सालचा आणि संगणकावर 2016 साली आलेला.

या नवव्या भागात झिदान नावाचा तरुण आहे. नाटक कंपनीच्या आडून चोऱ्या करणाऱ्या टोळीत तो वाढला. आपण कुठले, कोणाचे, हे त्याला माहीत नाही. गार्नेट ही राजकन्या आहे. स्टायनर हा तिचा ताठ मानेचा, नियमांवर बोट ठेवणारा सरदार. आणि विवी हा एक लहानसा जादूगार. डोक्यावर टोकदार, वाकलेली मोठी टोपी, चेहऱ्याच्या जागी काळोख आणि त्यात दोन पिवळे डोळे. शेतात इरले पांघरून उभा राहिलेला पोर दुरून दिसावा तसा, असे कथेकरी सांगे. आम्हां सर्वांना विवी लगेच आपला वाटला. तो भित्रा होता, चालताना अडखळून पडे आणि कोणी हाक मारली तर आधी आपले काय चुकले हे पाही. आठवीत प्रथम वसतिगृहात आलो तेव्हा आम्हीही असेच होतो.

पुढे विवीला आपला जन्म कळतो. एका खेड्याच्या जमिनीखालच्या कारखान्यात त्याच्यासारखेच जादूगार घडविले जात असतात, युद्धात शस्त्र म्हणून वापरण्यासाठी. तोही त्यांतलाच असावा हे त्याला उमगते. त्यांच्यातील काही जण जागे होऊन जंगलात गाव वसवून राहतात. तेथे त्याला आणखी एक गोष्ट समजते: घडविल्यानंतर वर्षभराच्या सुमारास त्यांच्यातील बहुतेक जण 'थांबतात'. मरण हा शब्द त्यांना नीट ठाऊक नाही. थांबणे एवढेच ते म्हणतात. कथेकऱ्याने हे सांगितले त्या रात्री खोलीत कोणी काही बोलले नाही.

स्टायनर सरदार गर्विष्ठ आहे. चोर झिदानला तो तुच्छ लेखतो. पण या शस्त्र म्हणून जन्मलेल्या पोराला मात्र तो पहिल्यापासून आदरार्थी संबोधतो. कथेकरी ते संबोधन 'विवीजी' असे करी. "विवीजी, आपण पुढे व्हा." आम्हांला त्याची फार गंमत वाटे आणि गमतीच्या खाली आणखी काहीतरी वाटे. आमच्यातील बहुतेकांच्या आजोबांना गावात कोणी 'जी' लावून हाक मारली नव्हती. माणूस जन्माने हीन ठरत नाही आणि जन्माने श्रेष्ठही ठरत नाही, हे सुत्तनिपातातील वसलसुत्ताचे सार भंतेजींनी आम्हांला शिकविले होते. त्याचा अर्थ त्या सरदाराच्या एका शब्दाने आमच्यापाशी येऊन बसला.

खेळाच्या रचनेतील दोन नियमही कथेकरी आवर्जून सांगे. पहिला असा. स्टायनरची तलवार आणि विवीची जादू एकत्र येऊन एक निराळे शस्त्र होते, पण दोघेही लढाईत उभे असतील तरच. विवी खाली पडला की सरदाराच्या तलवारीतले ते बळ नाहीसे होते. म्हणजे ते बळ ना याच्या हातात असते ना त्याच्या; दोघांच्या सोबत असण्यात असते. दुसरा नियम असा. प्रत्येक योद्ध्यात एक दडलेली शक्ती आहे आणि ती जागी होण्यासाठी जी पट्टी भरावी लागते ती घाव सोसूनच भरते. मार खाल्ल्याशिवाय ती भरत नाही. परीक्षेत कमी गुण मिळाले की आम्ही एकमेकांना म्हणत असू, "पट्टी भरते आहे." हसण्यावारी नेलेले हे वाक्य पुढे खरे ठरणार होते.

गोष्ट पावसाळाभर चालली. सहामाही परीक्षा झाली. झिदान टेरा नावाच्या परक्या जगात पोचला होता आणि उरलेली कथा दिवाळीनंतर सांगण्याचे ठरले होते. दिवाळीच्या सुटीत कथेकऱ्याचे वडील गेले.

शाळा सुरू झाल्यावर तो दहा दिवस उशिरा आला. खाट तीच, पेटी तीच, पण मुलगा निराळा. वर्गात बसे, पंगतीत बसे, वंदनेला बसे; बोलत नसे. पहिल्या दोन रात्री आम्ही गप्प राहिलो. मग आमच्यातील एकाने, वातावरण हलके व्हावे म्हणून, उरलेली गोष्ट सांग असे म्हटले. तो म्हणाला, "संपली गोष्ट." पुढे आम्ही त्याच्या वाटणीची कामे करू लागलो, तर तो चिडे. त्याचे ताट घासायला घेतले तेव्हा ते त्याने हिसकावून घेतले. एका रात्री आम्ही त्याच्या खाटेभोवती जमलो तेव्हा तो म्हणाला, "तुमचे वडील आहेत. तुम्हांला काय कळणार? समोर भिंतीवर काय लिहिले आहे ते वाचा आणि मला माझे मला राहू द्या."

सभागृहाच्या भिंतीवर 'अत्त दीप भव' असे लिहिलेले होते. स्वतःच स्वतःचा दीप व्हा. रोज दोन वेळा आम्ही त्याखाली बसत होतो. त्याने ते वचन आमच्यावर असे फेकले आणि खरे सांगायचे तर आम्हांला ते सोयीचे वाटले. दहावीचे वर्ष होते. प्रत्येकाला अभ्यास होता. दुःख ज्याचे त्याने पेलावे, धम्मच तसे सांगतो, असे आम्ही एकमेकांस सांगितले आणि त्याला एकटे सोडले. एकाने तर "भाव खातो" असेही म्हटले आणि बाकीच्यांनी त्याला अडविले नाही. या लेखात आम्ही हे लपवू इच्छित नाही.

डिसेंबरातील एका पहाटे जाग आली तेव्हा त्याची खाट रिकामी होती आणि खाटेखाली पेटी नव्हती. घरी आई आणि धाकटी बहीण; कर्जतकडे एका फार्महाऊसवर काम मिळते असे त्याला कोणी सांगितले होते; घरी जाऊन आईला विचारायचे आणि कामाला लागायचे असा त्याचा बेत होता. हे सर्व नंतर कळले. तेव्हा एवढेच कळले की तो गेला. आम्ही फाटकावर परवानगी न मागता पळत सुटलो. पळसदरी स्थानकावर तो बाकावर बसलेला दिसला. थंडी होती. पेटी पायांशी होती.

त्याने आम्हांला पाहिले आणि तोंड फिरविले. काय बोलावे हे आमच्यापैकी कोणासही सुचले नाही. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो. जागा पुरेना तेव्हा दोघे खाली फलाटावर बसले. खोपोलीकडे जाणारी गाडी आली, थांबली आणि गेली. तो उठला नाही. या मार्गावर गाड्या लवकर लवकर नाहीत. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "परत जाऊ." त्याची पेटी उचलायला आम्ही हात पुढे केला तेव्हा त्या दिवशी त्याने ती हिसकावली नाही. एक कडी त्याने धरली, एक आमच्यातील एकाने.

गृहपाल सर वाटेतच भेटले. त्यांनी कोणासही एक शब्द विचारला नाही. स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला. शिक्षा झाली ती दुसऱ्या दिवशी, न सांगता फाटकाबाहेर गेल्याची, आणि ती आम्ही सातजणांनी मिळून भोगली. आठवडाभर मैदान झाडले. पुढे विद्यालयाने त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोलणे केले आणि परीक्षा होईपर्यंत त्याने येथेच राहावे असे ठरले.

त्यानंतरच्या रविवारी भंतेजींनी आम्हांला बोलावून दोन कथा सांगितल्या. पहिली मेघियाची. भगवंतांची सेवा करणाऱ्या मेघियाला नदीकाठची आमराई आवडली आणि तेथे एकट्याने ध्यान करावे असे त्याला वाटले. दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, असे भगवंतांनी सांगितले. तो थांबला नाही. एकटा बसताच मनात नको ते विचार दाटून आले आणि तो परतला. तेव्हा भगवंतांनी त्याला, अपक्व चित्त परिपक्व करणाऱ्या गोष्टींत पहिली गोष्ट कल्याणमित्र, असे समजाविले. दुसरी कथा आनंदाची. चांगली मैत्री म्हणजे धम्मजीवनाचा अर्धा भाग, असे आनंद म्हणाले. भगवंतांनी त्यांना थांबवून, अर्धा नव्हे, संपूर्ण धम्मजीवन, असे सांगितले.

मग आमच्यातील एकाने धीर करून विचारले, "भंतेजी, मग भिंतीवरचे वचन?" ते म्हणाले, पालीत 'दीप' शब्दाचा अर्थ बेट असाही होतो, पुरात पाय टेकायला जागा असावी तसे. आणि हा उपदेश भगवंतांनी आयुष्याच्या शेवटी आनंदांना केला. पंचवीस वर्षे सावलीसारखे सोबत राहिलेल्या माणसाला. आधाराने उभे राहायला शिकलेल्यालाच स्वतःच्या पायांवर उभा राहा असे सांगता येते. कधीही हात न दिलेल्याला तसे सांगणे म्हणजे त्याला सोडून देणे. हे ऐकताना आमची मान खाली होती.

त्या रात्री दिवे मालवल्यावर कथेकरी आपण होऊन बोलू लागला. गोष्ट टेरापासून पुढे सुरू झाली. झिदानला तेथे कळते की तोही घडविलेला आहे. दुसऱ्या जगाचा विनाश करण्यासाठी घडविलेला. ज्यांच्यासाठी तो लढला त्यांच्याच नाशाचे तो साधन होता. हे कळल्यावर तो मनाने मोडतो. सोबती जवळ येतात तर तो त्यांना कठोर बोलून दूर लोटतो आणि एकटाच अंधाऱ्या वाटेने निघतो. वाटेत राक्षस उभे राहतात. आणि ऐन वेळी त्याने लोटलेले सोबती येऊन त्याच्या बाजूने लढायला उभे राहतात. ते त्याला उपदेश करीत नाहीत. त्याच्या जन्माचा उल्लेख करीत नाहीत. शेवटी गार्नेट त्याच्याशी बोलते आणि त्याचे त्याला उमजते.

येथे कथेकरी थांबला आणि म्हणाला, "मी हे मे महिन्यात पाहिले होते. मला पुढे काय होणार ते माहीत होते. तरीही मी तुम्हांला लोटले." थोड्या वेळाने म्हणाला, "माहीत असून उपयोग नसतो. कोणीतरी यावे लागते."

आत्मबलाविषयी आम्ही पुढे पुष्कळ वाचले आणि ऐकले. पण या दोन वाक्यांत भर घालावी असे काही सापडले नाही. आत्मबल म्हणजे कोणाची गरज न लागणे, अशी आमची समजूत होती. झिदान सोबत्यांना नाकारून एकटा निघाला तेव्हा तो बलवान दिसतो, पण वस्तुतः तो सर्वांत दुबळा असतो. वळून सोबत्यांचा हात घेतो तेव्हा त्याचे बळ परत येते. आणि मित्राचे काम दुसऱ्याचे दुःख उचलणे हेही नव्हे. ते उचलता येतच नाही. पेटीची दुसरी कडी धरता येते एवढेच.

त्या कथेत कुजा नावाचा खलनायक आहे. तोही त्याच जगात घडविलेला, झिदानचा भाऊच म्हणावा असा. आपले आयुष्य थोडे उरले आहे हे त्यालाही कळते. तीच गोष्ट विवीला कळली तेव्हा त्याच्यापाशी सोबती होते. तो घाबरला, प्रश्न विचारीत राहिला आणि उरलेले दिवस इतरांसाठी जगला. कुजापाशी कोणी नव्हते; मी नसेन तर जगही नको, असे म्हणून त्याने विनाश मांडला. दोघांचे दुःख एक आणि वाटा दोन. आणि शेवटी झिदान सुखरूप सुटलेला असूनही त्या कुजासाठी मागे फिरतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात करुणेच्याही पुढे मैत्रीला का नेले, हे समजण्यासाठी आम्हांला अंगुलिमालाच्या कथेबरोबर ही कथाही उपयोगी पडली. विवी अखेरीस दिसत नाही. त्याच्यासारखीच टोपी घातलेली लहान मुले दिसतात. तो थांबला, पण त्याच्यापासून सुरू झालेले थांबले नाही.

परीक्षेनंतर, निरोपाच्या आधी, विद्यालयाने आम्हांला कोंडाणे लेण्यांवर नेले. कर्जतहून कोंडिवड्यापर्यंत वाहनाने आणि पुढे राजमाचीच्या पायथ्याचे रान चढत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी. चैत्यगृहाचे खांब बहुतांशी पडले आहेत आणि पावसाळ्यात दर्शनी भागावरून पाण्याची धार कोसळते. तेथे एका भग्न मूर्तीपाशी ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. भंतेजींनी तो वाचून अर्थ सांगितला: कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले.

अंतेवासी म्हणजे जवळ राहणारा. गुरूच्या सोबत राहून शिकणारा. म्हणजे आम्हीच, निवासी विद्यार्थी. दोन हजार वर्षे टिकेल अशा दगडावर आपले नाव कोरण्याची संधी त्या बलकाला मिळाली, आणि त्याने आपले नाव एकट्याचे लिहिले नाही. आधी कण्हाचे लिहिले. हातातले कौशल्य त्याचे होते, पण ते कोणाच्या सोबतीत आले हे तो विसरला नाही. कथेकरी त्या अक्षरांकडे बराच वेळ पाहत उभा होता.

तो दहावी उत्तीर्ण झाला. पुढे आयटीआय करून आज एका कारखान्यात फिटर आहे. बहिणीचे शिक्षण त्याने पूर्ण केले. नोकरी लागल्यावर आमच्यातील दोघांनी तो खेळ मिळवून स्वतः खेळला. कथेकऱ्याने सांगितलेली गोष्ट जवळजवळ तशीच होती. त्याच्या सांगण्यात एका ठिकाणी सोबती झिदानच्या शेजारी नुसते बसून राहतात. खेळात तसे दृश्य नाही. ते त्याने पळसदरीहून घेतले असावे. हे आम्ही त्याला सांगितले तेव्हा तो हसला आणि नाही म्हणाला नाही.

येथे लेख संपवावा असे प्रथम ठरले होते. परंतु खोली क्रमांक तीनमध्ये खाटा आठ होत्या. आठवीत आम्ही आठजण होतो. आठवा मुलगा नववीच्या पावसाळ्यानंतर घरी गेला तो परत आला नाही. घरचे कामासाठी बाहेर गेले आणि त्यालाही घेऊन गेले, असे कोणी म्हणाले. त्याची खाट काही दिवस रिकामी राहिली. मग तिच्यावर आम्ही ओले कपडे वाळत घालू लागलो. त्याच्यामागे कोणी स्थानकावर धावले नाही. तो कोठल्या स्थानकावरून गेला हेही आम्ही विचारले नाही. कथेकऱ्यामागे आम्ही धावलो ते आम्ही थोर होतो म्हणून नव्हे; एकदा धावलो नव्हतो ते कोठेतरी आत राहिले होते म्हणूनही असेल.

ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या पत्त्यांवर जाईल. त्याचा पत्ता आमच्यापाशी नाही. जुन्या नोंदवहीत गावाचे नाव असेल. येत्या सुटीत आम्ही सातहीजण तेथे जाऊन चौकशी करणार आहोत आणि ज्यांना त्याच्याविषयी काही ठाऊक असेल त्यांनी विद्यालयाकडे कळवावे, ही विनंती.

आज त्या खोलीत राहणाऱ्या धाकट्या भावंडांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच सांगावेसे वाटते, की भिंतीवरचे वचन रोज वाचा. ते खरे आहे. आणि दिवे मालवण्यापूर्वी एकदा खाटा मोजा.

नमो बुद्धाय. जय भीम.